हिमालयाचा छायाचित्रकार : सॅम्युएल बोर्न

हिमालयाचें चित्र पाहिलें नाहीं असा विद्यार्थी आज आमच्या शाळेंत शोधूनहि सांपडणार नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांत, भिंतीवरील दिनदर्शिकेंत, आणि हल्लीं तर वडील माणसांच्या खिशांतील लहानशा यंत्रांतहि तीं पांढरीं शिखरें दिसतात. परंतु एक काळ असा होता कीं, या पर्वताचें रूप पाहावयाचें तर तेथें स्वतः जावें लागे, नाहीं तर एखाद्या चित्रकाराच्या कुंचल्यावर विश्वास ठेवावा लागे. गंगेचा उगम कसा दिसतो हें काशीच्या घाटावर स्नान करणाऱ्या अगणित लोकांपैकीं फारच थोड्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें असेल. तें रूप कांचेवर उतरवून खालीं आणणाऱ्या आरंभींच्या माणसांत सॅम्युएल बोर्न या इंग्रज गृहस्थाचें नांव अग्रभागीं येतें. त्याचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों. तें केवळ स्तुतीचें व्हावें अशी आमची इच्छा नाहीं. त्यानें जें काम केलें तें खरोखर मोठें आहे. पण तें कोणाच्या पाठीवरून केलें हेंहि आमच्या वाचकांस कळलें पाहिजे.

बोर्नचा जन्म ३० ऑक्टोबर १८३४ रोजीं, इंग्लंडांतील श्रॉपशायर व स्टॅफर्डशायर या परगण्यांच्या सीमेजवळ, मकलस्टन नांवाच्या खेड्यांत एका शेतकरी कुटुंबांत झाला. वयांत आल्यावर तो नॉटिंगहॅम शहरांतील एका बँकेंत कारकून म्हणून लागला. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि सुटी मिळाली कीं कॅमेरा, असा त्याचा क्रम सुरू झाला. फोटोग्राफी ही विद्या त्या वेळीं फार तरुण होती. दागेर नांवाच्या फ्रेंच गृहस्थाची रीत १८३९ सालीं पॅरिस येथें जाहीर झाली, आणि १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजानें कोलोडिअनची नवी रीत प्रसिद्ध केली. आर्चरनें आपल्या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं, त्यामुळें बोर्नसारख्या बेताच्या पगाराच्या हौशी माणसांस ती विद्या मोकळी झाली. १८५८ सालीं तो इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशांत कॅमेरा घेऊन हिंडला. १८६२ सालीं लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत त्याचीं चित्रें मांडलीं गेलीं. त्या यशानें त्याच्या मनाचा निश्चय झाला. बँकेची कायमची नोकरी सोडून त्यानें हिंदुस्थानचा रस्ता धरिला. वय अठ्ठाविसांच्या आंतबाहेर, धंदा अनिश्चित, देश अनोळखी. घरच्या माणसांस हें कितपत रुचलें असेल याची कल्पना आमच्या पालक वाचकांनींच करावी!

ही कोलोडिअनची रीत कशी होती तें समजल्यावांचून बोर्नच्या श्रमांची कल्पना येणार नाहीं, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों. स्वच्छ पुसलेली कांच एका हातावर तोलून धरावयाची. तिच्यावर कोलोडिअन, म्हणजे ईथर व मद्यार्क यांत विरघळविलेला स्फोटक कापूस, ओतावयाचें. आणि कांच चारी कोपऱ्यांकडे हळूहळू कलवून त्याचा सारखा थर बसवावयाचा. नंतर अंधारांत ती कांच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रवांत कांहीं मिनिटें बुडवावयाची, म्हणजे तिला प्रकाश टिपण्याचा गुण येई. ती ओली असतांनाच बंद चौकटींत घालून कॅमेऱ्याकडे धांवावयाचें, भिंगाचें झांकण काढून कांहीं सेकंद, क्वचित् त्याहून पुष्कळ अधिक वेळ, प्रकाश द्यावयाचा, आणि थर सुकण्यापूर्वीं पुन्हां अंधारांत येऊन चित्र उमटविण्याचें औषध तिच्यावर ओतावयाचें. सारा खेळ दहापंधरा मिनिटांचा. तेवढ्यांत ढग आला, वारा सुटून झाडें हलूं लागलीं, किंवा थरावर धुळीचा एक कण बसला, कीं सर्व मेहनत वायां. शेवटीं कांच धुण्यास भरपूर स्वच्छ पाणी लागे, आणि ती वाळल्यावर तिच्यावर वार्निशचा हात द्यावा लागे.

याचा अर्थ असा कीं, छायाचित्रकारास आपली अंधारी खोली पाठीमागें बाळगूनच हिंडावें लागे. बोर्नजवळ छत्रीप्रमाणें उघडणारा व मिटणारा सुमारें दहा फूट उंचीचा एक तंबू होता. त्यांत उभें राहून तो कांचा तयार करी. शिवाय लहान चित्र मोठें करून छापण्याची सोय त्या काळीं व्यवहारांत नव्हती. कांच जेवढी, कागदावरचें चित्रहि तेवढेंच. म्हणून तो बारा इंच लांब व दहा इंच रुंद अशा कांचा शेंकड्यांनीं बरोबर नेई. त्या कांचा, त्यांस पुरेल असा भला मोठा लांकडी कॅमेरा, भिंगें, औषधांच्या बाटल्या, राहण्याचे तंबू, अंथरुणें आणि महिनोन्महिने पुरेल असें अन्न, एवढा संसार डोंगरावर चढवावयाचा होता. जेथें घोडा जाईना तेथें हें सर्व ओझें माणसाच्या पाठीवरून जाई.

१८६३ च्या आरंभीं बोर्न कलकत्त्यास उतरला. तेथील विल्यम हॉवर्ड या छायाचित्रकाराशीं त्यानें भागीदारी केली व थोड्याच काळांत सिमल्यास बिऱ्हाड केलें. पुढें चार्ल्स शेफर्ड हाहि त्यांस मिळाला, आणि हॉवर्ड दूर झाल्यावर बोर्न अँड शेफर्ड असें पेढीचें नांव रूढ झालें. शेफर्डनें दुकान व छपाई सांभाळावी आणि बोर्ननें चित्रें आणावीं, अशी साधारण वांटणी होती. सिमला हें उन्हाळ्यांत सरकारी अधिकाऱ्यांचें माहेरघर. गिऱ्हाइकांस तोटा नव्हता. साहेबलोकांच्या तसबिरी काढून सुखानें पोट भरण्याचा मार्ग बोर्नपुढें उघडा होता. पण त्याचें मन खिडकीबाहेर दिसणाऱ्या बर्फाच्या रांगेकडे लागलेलें होतें.

पहिली स्वारी २९ जुलै १८६३ रोजीं सिमल्याहून निघाली. बरोबर सुमारें तीस हमाल होते. लॉर्ड डलहौसीच्या काळांत तिबेटच्या बाजूस जो रस्ता काढण्यास आरंभ झाला होता, त्या रस्त्यानें सतलज नदीच्या खोऱ्यांतून तो चिनी गांवापर्यंत गेला. या गांवास आतां कल्पा म्हणतात. तेथून पुढें स्पितीच्या सीमेपर्यंत मजल मारून तो १२ ऑक्टोबरला परत आला, तेव्हां त्याच्यापाशीं १४७ चांगल्या निगेटिव्ह कांचा होत्या. या स्वारींत पंधरा हजार फुटांहून उंच अशा खिंडींत त्यानें कॅमेरा उभा केला. अशा ठिकाणीं श्वास पुरत नाहीं, हात बधिर होतात, आणि त्याच बधिर हातानें कांचेवर द्रवाचा सारखा थर बसवावयाचा असतो. अडीच महिन्यांत १४७ कांचा, म्हणजे सरासरीनें दिवसास दोन. आज एका मिनिटांत याहून अधिक चित्रें घेतां येतात.

आतां त्या तीस हमालांविषयीं. हे लोक कोण होते? बहुतेक डोंगरांतील गांवांचे शेतकरी. साहेबाची स्वारी आली कीं गांवच्या मुखियानें ठराविक माणसें ओझ्यास द्यावीं अशी त्या मुलुखांत चाल होती. तिला तिकडे बेगार म्हणत. आपल्याकडे वेठ म्हणतात तीच ती. मजुरी मिळाली तरी ती थोडी, आणि नाहीं म्हणण्याची सोय नाहीं. शेतांत पीक उभें असतां परक्या माणसाच्या कांचेच्या पेट्या घेऊन बर्फांत चढावें हें त्यांस कसें आवडावें? वाटेंत ओझीं टाकून ते गांवांत जाऊन लपत. अशा एका प्रसंगीं बोर्न स्वतः हातांत काठी घेऊन त्यांस शोधावयास निघाला, घरांतून त्यांस बाहेर काढलें, आणि मारून पुन्हां ओझ्याखालीं उभें केलें. ही हकीकत त्याच्या शत्रूनें पसरविलेली नाहीं. ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी या इंग्लंडांतील नियतकालिकांत त्यानें आपल्या प्रवासाचे जे लेख लिहिले, त्यांत त्यानें ती आपण होऊन, कांहींशा विनोदानेंच, सांगितली आहे. इंग्लंडांतील वाचकांस त्यांत कांहीं गैर वाटेल अशी शंकाहि त्यास आलेली दिसत नाहीं. त्या काळच्या राज्यकर्त्यांत ही समजूत सार्वत्रिक होती, असें म्हणून या गोष्टीवर पांघरूण घालणारे लेखक आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. काठीचा मार त्या काळींहि पाठीस लागतच होता.

ही वेठ पुढें पंचावन्नसाठ वर्षें चालली. १९२१ च्या मकरसंक्रांतीस कुमाऊं प्रांतांतील बागेश्वरच्या यात्रेंत जमलेल्या लोकांनीं वेठीच्या नोंदवह्या शरयू नदींत बुडविल्या. त्याच सुमारास सिमल्याच्या डोंगरांत, सतलजेच्या वाटेवरील कोटगडास, सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थानें वेठीविरुद्ध चळवळ करून ती मोडून काढली. स्टोक्स हा १९०४ सालीं कुष्ठरोग्यांची सेवा करण्याकरितां या देशांत आला व येथलाच झाला. ज्या मुलुखांतून एका सॅम्युएलनें काठीच्या धाकानें ओझीं नेलीं, त्याच मुलुखांत दुसऱ्या सॅम्युएलनें ओझेवाल्यांची बाजू घेतली, हा नांवांचा योगायोग आम्हांस मोठा लक्षांत ठेवण्यासारखा वाटतो.

दुसरी स्वारी काश्मीरची. १७ मार्च १८६४ रोजीं लाहोर सोडून बोर्न कांगडा, धरमशाळा, डलहौसी, चंबा या वाटेनें डोंगरांत शिरला. या वेळीं हमाल बेचाळीस होते. चिनाब नदीच्या खोल दऱ्या ओलांडून तो काश्मिरांत उतरला, आणि तेथें त्यास मनासारखें दृश्य भेटलें. याचें कारण सांगण्यासारखें आहे. बोर्नच्या डोळ्यांवर इंग्लंडच्या सरोवरांचा संस्कार होता. पुढें पाणी, बाजूस झाड, मध्यें एखादा पूल किंवा झोंपडी, आणि मागें डोंगर, अशी रचना असली म्हणजे चित्र चांगलें, हें तो शिकून आला होता. सतलजेच्या खोऱ्यांतील उघडे, प्रचंड, भव्य डोंगर पाहून तो थक्क झाला खरा, पण चित्राच्या चौकटींत ते कसे बसवावे हें कोडें त्यास पडे. तेथें शांत पाणी नाहीं, हिरवळ नाहीं, अशी त्याची तक्रार असे. हिमालय आपल्या गांवच्या टेकड्यांसारखा नाहीं म्हणून हिमालयावर रुसणें हें आज आपणांस हंसण्यासारखें वाटेल. परंतु या रुसव्यांतूनच त्याची दृष्टि घडली. चौकट जमेपर्यंत तो दिवसचे दिवस फिरे, आणि जागा सांपडल्यावर सूर्य हवा तेथें येईपर्यंत वाट पाही. काश्मिरांत झेलम, दाल सरोवर, चिनार आणि पॉप्लर यांच्या रांगा यांनीं त्याची चौकट आपोआप भरून दिली. नऊ महिने हिंडून १८६४ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं तो लखनौस पोंचला.

तिसरी स्वारी सर्वांत कठीण. ३ जुलै १८६६ रोजीं तो सिमल्याहून निघाला. आरंभीं डॉक्टर प्लेफेअर हे त्याचे सोबती होते, आणि हमालांची संख्या पूर्वींपेक्षां अधिक होती. कुलू, लाहौल आणि स्पिती हे प्रदेश ओलांडून तो मणिरंग खिंडीकडे वळला. तिची उंची त्यानें १८,६०० फूट नोंदविली आहे. तेथवर कॅमेरा, कांचा, औषधें आणि तो छत्रीसारखा तंबू बर्फावरून चढविण्यांत आला. सुदैवानें आकाश निरभ्र होतें. तेवढ्या वेळांत त्यानें तीन चित्रें घेतलीं. पुढें सुमारें वीस वर्षें जगांत कोणीहि याहून उंचावर छायाचित्र घेतलें नाहीं. तेथून पुढें तो गंगोत्रीस गेला आणि ज्या हिमनदीच्या मुखांतून भागीरथी बाहेर पडते त्या गोमुखाचें चित्र त्यानें घेतलें. या चित्रांत देऊळ नाहीं, मूर्ति नाहीं. मोठमोठे दगड, बर्फाची फुटलेली भिंत आणि तींतून निघणारें पाणी एवढेंच आहे. आज ती हिमनदी पुष्कळ मागें सरली आहे. त्यामुळें त्या काळची अशीं चित्रें आतां केवळ शोभेचीं राहिलीं नाहींत. बर्फ कोठपर्यंत होतें हें सांगणाऱ्या साक्षीदाराची किंमत त्यांस आली आहे. बोर्नच्या मनांत अशी कांहीं कल्पना असण्याचा संभव नाहीं.

त्याच्या या शेंकडों डोंगरी चित्रांत वन्य पशुपक्षी जवळ जवळ नाहींत, हें पाहून एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारील कीं, एवढ्या रानांत हिंडून त्यास एक हरिणहि दिसलें नाहीं काय? दिसलें असेलच, पण कांच त्यास टिपूं शकत नव्हती. कित्येक सेकंद जो प्राणी निश्चळ राहणार नाहीं त्याची छाया पुसट होऊन जाई. नदीचें धांवतें पाणीसुद्धां त्याच्या चित्रांत कापूस पिंजल्यासारखें दिसतें. आणखी एक दोष असा कीं, कोलोडिअनचा थर निळ्या रंगास फार लवकर भुले, त्यामुळें आकाश कोरें पांढरें उमटे आणि ढग बहुधा नाहींसे होत. उलट झाडांची हिरवळ काळवंडून जाई. रानांतील वाघाचें रात्रीच्या वेळीं छायाचित्र घेणें पुढें विसाव्या शतकांत साधलें. संयुक्त प्रांताच्या जंगलखात्यांतील चँपिअन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत वाघाच्या वाटेवर तार बांधून, त्याच्याच पायाच्या स्पर्शानें दिवा पेटेल अशी युक्ति केली. बोर्नला ही चैन ठाऊक नव्हती. त्याचा सावज म्हणजे पर्वत, आणि तो बिचारा जागचा हालत नसे!

बोर्न केवळ डोंगरांतच रमला असें नाहीं. काशी, आग्रा, दिल्ली, लखनौ येथील इमारती, दक्षिणेंत निलगिरी पर्वत, यांचीहि चित्रें त्यानें घेतलीं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात दिलेल्या कागदावर तीं उन्हांत छापीत. प्रत्येक कांचेवर अनुक्रमांक आणि त्याचें नांव कोरलेलें असे. पेढी त्यांची यादी छापून प्रसिद्ध करी आणि गिऱ्हाइकानें अंक कळवावा म्हणजे चित्र घरपोंच येई. अशा त्याच्या कांचांची संख्या दोन हजारांहून अधिक झाली. मधल्या काळांत, १८६७ सालीं, तो इंग्लंडांत जाऊन लग्न करून आला. १८७० सालीं मात्र त्यानें हिंदुस्थानचा कायमचा निरोप घेतला. सारा खटाटोप आठ वर्षांच्या आंतला.

पुढील बेचाळीस वर्षांविषयीं फारसें लिहिण्यासारखें नाहीं. नॉटिंगहॅमला मेहुण्याबरोबर त्यानें सुताचा कारखाना काढला, तो भरभराटीस आणला, शहराचा मॅजिस्ट्रेट झाला, आणि फावल्या वेळीं जलरंगांनीं चित्रें काढूं लागला. कॅमेऱ्यापायीं बँक सोडणारा माणूस उतारवयांत कारखानदार व्हावा आणि हातांत पुन्हां कुंचला घ्यावा, याचें आम्हांस नवल वाटतें. २४ एप्रिल १९१२ रोजीं तो वारला.

त्याच्या नांवाची पेढी मात्र या देशांत त्याच्या मागें शंभर वर्षांहून अधिक टिकली. मुंबईसहि तिची शाखा होती. १९११ च्या दिल्ली दरबाराचीं चित्रें घेण्याचें काम तिच्याकडे आलें होतें. राज्य गेलें, मालक बदलले, तरी कलकत्त्याचें दुकान चालूच राहिलें. ६ फेब्रुवारी १९९१ रोजीं तेथें आग लागली, तींत जुन्या संग्रहाचा मोठा भाग जळाला. आणि जून २०१६ मध्यें तें दुकान बंद झालें. तरीहि त्या काळीं विकल्या गेलेल्या प्रती इंग्लंडांतील व इतर देशांतील संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळ आतां घरबसल्या पाहतां येतात.

आमच्या वाचकांपैकीं कोणास तीं पाहण्याचा योग आला, तर चित्राच्या कोपऱ्यांतील बारीक आंकडा आणि बोर्न हें नांव तर दिसेलच. पण कांहीं चित्रांत बर्फावर किंवा दगडांपाशीं मुंगीएवढीं माणसेंहि दिसतील. डोंगर केवढा आहे तें कळावें म्हणून छायाचित्रकार अशीं माणसें दृश्यांत उभीं करीत. बोर्नच्या चित्रांतील हीं माणसें पुष्कळदां तींच, जीं कांचेच्या पेट्या घेऊन तेथवर चढलीं होतीं. त्यांस स्तब्ध राहावयास सांगितलेलें असे, आणि झांकण पुन्हां लागेपर्यंत, त्या पातळ हवेंत, तीं तशींच राहिलीं आहेत. पेढीच्या यादींत खिंडीचें नांव आहे, तिची उंची आहे, चित्राचा अंक आहे. त्यांचीं नांवें नाहींत.